कागदावरची पलटण

कर्नल वीरधवल जगदाळे आणि मी, आमचं पहिलं भांडण चहावरून झालं आणि दुसरं युद्धावरून. चहाचं त्याच दिवशी मिटलं. ते बिनसाखरेचा पितात, आणि उसाच्या जिल्ह्यात येऊन असा चहा मागणं मला अपमान केल्यासारखं वाटलं होतं. युद्धाचं भांडण मात्र चांगलं हिवाळाभर पुरलं.

युद्ध कुठं लागलेलं नव्हतं. पण वरून असं ठरलं होतं, की उद्या लागलंच तर फौजेनं एकीकडं आणि नियोजनवाल्यांनी दुसरीकडं धावाधाव करण्यात अर्थ नाही. आधीच एका टेबलाशी बसायचं. शिधा कुठून उचलायचा, गाड्या कुणाच्या घ्यायच्या, पांघरुणं कोण विणणार, डिझेल कुठं साठवायचं, हे शांततेच्या दिवसांत मांडून ठेवायचं. सराव म्हणून सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे निवडले होते. फौजेकडून कर्नल आले आणि नियोजनाकडून मी, राणी कोळेकर, जिल्हा नियोजन कार्यालय, सांगली.

कर्नल साताऱ्याचे, कोरेगावकडचे. त्यांच्या गावात घर तिथं फौजी. शिपाई म्हणून भरती झाले आणि परीक्षा देत देत अधिकारी झाले. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, त्यांच्या ड्रायव्हरनं सांगितलं, ते पण असं, की जणू तोच कर्नल झालाय. मी कवठे महांकाळच्या पूर्वेची, बोरखिंडीची. आमच्याकडं घर तिथं मेंढरं. पुण्याला अर्थशास्त्र शिकले खरी, पण पहिली बेरीज मी मेंढरांच्या वाड्याशीच केली.

कर्नलांचं म्हणणं असायचं, सगळा माल आजच गोदामात पाहिजे. माझं म्हणणं, सगळाच माल भरून ठेवला तर तो फौजेच्या आधी किडे खातील. माल थोडा ठेवा, पण तो पिकवणारी, दळणारी, वाहणारी माणसं तयार ठेवा. ते टेबलावर पेन्सिल आपटायचे, मी फाइल आपटायची. आमचा शिपाई दाराबाहेरून ऐकायचा आणि कोण जिंकतंय ते कार्यालयभर सांगत हिंडायचा. पण संक्रांत उलटली तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. कर्नल आता "हे परवडेल का?" असं विचारायला लागले होते आणि मी "राखीव किती ठेवायचं?" असं. भांडण तेच राहिलं, फक्त बाजू थोड्या मिसळल्या, आणि खरं सांगायचं तर मला सकाळी ऑफिसला जायची घाई व्हायला लागली.

शेवटचा प्रश्न राहिला होता मोठ्या शिधागोदामाचा. दोन जिल्ह्यांत मिळून एकच होणार होतं. कर्नलांना ते जिल्ह्याच्या पश्चिमेला, कुंडलला हवं होतं. साखर कारखाने जवळ, रेल्वे जवळ, रस्ते चांगले, आणि गावात निवृत्त फौजी भरपूर. मला ते बोरखिंडीला हवं होतं. आमच्याकडं हवा कोरडी, धान्य वर्षानुवर्षं टिकतं, कृष्णेचा पूर आला तरी आमच्या उंबऱ्याला लागत नाही. शेजारच्या सगळ्या गावांत बेदाणा होतो, आणि बर्फात उभ्या असलेल्या जवानाला मूठभर बेदाण्याएवढं सोयीचं दुसरं काय असणार.

ही झाली टेबलावरची कारणं. खरं कारण मी टेबलावर ठेवलं नव्हतं. दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव मेंढरं घेऊन खाली उतरतं, आणि उरलेल्यातली तरणी पोरं पुण्याला जातात. माझी आई वर्षातले बरेचसे महिने कुलुपं लावलेल्या घरांच्या रांगेत राहते. गोदाम आलं असतं तर त्यातली थोडी तरी कुलुपं उघडली असती. मला ते गोदाम पाहिजेच होतं.

"माल आहे तुमच्याकडं, मान्य," कर्नल म्हणाले. "पण गोदाम म्हणजे नुसती भिंत नाही, मॅडम. गाडी आली की गाव हललं पाहिजे. कुंडलच्या लोकांना त्याची सवय आहे. तुमच्या लोकांना आहे का?"

"विचारून बघा."

"विचारतोच."

म्हणून ती पलटण निघाली. पलटण काल्पनिक होती. आठशे जवान प्रवासात आहेत, संध्याकाळी तुमच्या गावात थांबतील, जेवून पुढं जातील. जमेल का, कसं जमेल, कोण काय करेल, ते दिवसभरात कळवा. असा एकच प्रश्न दोन्ही गावांना एकाच सकाळी गेला. जो नीट उत्तर देईल त्याचं पारडं जड. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, की हा फक्त सराव आहे, प्रत्यक्षात कुणीही येणार नाही. ते वाक्य मी आग्रहानं घातलं होतं, कारण आमची माणसं मला माहीत आहेत. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

कुंडलचं उत्तर आमचा चहा निवायच्या आत आलं. तिथले निवृत्त सुभेदार हंबीरराव यांनी ते पाठवलं होतं. कुठल्या मैदानात पंगती, कुठल्या विहिरीचं पाणी, भांडी कुणाकडची, जखमी असतील तर त्यांची सोय कुठं, सगळं नकाशासकट. कर्नलांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं. नंतर आवडलं म्हणून पुन्हा एकदा वाचलं.

बोरखिंडीचं उत्तर आलं नाही.

मी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन लावला. बिराप्पा कोळेकर यंदा गावचे कारभारी, पत्र त्यांच्याच हातात गेलं होतं. नुसती रिंग वाजत राहिली. ग्रामसेवकाला लावला, तो बंद. शेवटी आईला लावला. तिनं उचलला, पलीकडं कसला तरी गलका चालला होता, आणि ती म्हणाली, "कामात हाय गं मी, मागनं बोल." आणि ठेवून दिला. माझी आई दगडाबाई कलेक्टरांशीसुद्धा असंच बोलेल, पण त्या दिवशी मला ते फार लागलं.

दुपार व्हायला आली तशी कर्नलांनी घड्याळाकडं पाहिलं. "फौजेत उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ 'नाही' असा धरतात."

"आमच्यात उत्तर आलं नाही तर माणूस कामात आहे असा धरतात," मी म्हणाले. म्हणाले खरी, पण मनातून मी पार खचले होते. गावानं माझी लाज राखली नाही असं वाटत होतं, आणि त्याहून जास्त म्हणजे, ह्या माणसासमोर राखली नाही असं वाटत होतं.

"चला मग, बघूनच येऊ काय काम आहे ते," ते म्हणाले, आणि आम्ही त्यांच्या जीपमधून निघालो.

मिरज मागं पडली, ऊस संपला, द्राक्षांचे मांडव लागले, मग तेही विरळ झाले.  आप्पांना काय काय सुनवायचं ते मी वाटभर मनात जुळवत होते. खिंड चढून वर आलो तर गावावर धूर.

"आग लागलीय का?" कर्नलांनी विचारलं.

आग नव्हती. बिरोबाच्या देवळापुढं लांबलचक चर खणून त्यात चुली पेटवल्या होत्या, आणि त्यांवर जत्रेची मोठी भांडी चढली होती. बायका दोन रांगा करून समोरासमोर बसल्या होत्या आणि ज्वारीच्या भाकरी थापत होत्या. धोतरांवर, चादरींवर, देवळाच्या ओट्यावर, जिथं जागा मिळेल तिथं भाकरींच्या चळती लागल्या होत्या. एका पातेल्यात पिठलं रटरटत होतं, दुसऱ्यात हुलग्याचं पातळ माडगं, आणि दोन म्हातारी माणसं शेंगदाण्याच्या चटणीला आणखी तिखट पाहिजे की नको यावरून हमरीतुमरीवर आली होती. मधोमध खांद्यावर घोंगडं टाकून आप्पा उभे होते, जत्रेत असतात तसे खूश.

"आप्पा," मी म्हणाले, "ह्ये काय चाललंय?"

"तुज्या कागदाचं उत्तर."

"आवं, पलटण खरी न्हाई. कोन येनार न्हाई. खाली लिवलंवतं की मोठ्या अक्षरात."

"वाचलं की. चावडीवर समद्यास्नी वाचून दावलं." आप्पा शांतपणे म्हणाले. "पर तुमी इचारलंय, जमंल का. आता चूल पेटवल्याबिगर कसं सांगायचं, जमतंय का न्हाई त्ये? उगं व्हय म्हनून बसायचं व्हय?"

"पण कुणी जेवायलाच येणार नाही ना, बिराप्पा," कर्नल म्हणाले.

आप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग देवळाकडं बोट केलं. "बिरोबा तरी कवा जेवाय येतोय, सायब? पर निवद करतोयच की आमी. आन् पुरन घालूनच करतोय. देव यायचा न्हाई म्हनून कच्चा निवद दावत न्हाई कोन."

 खरं सांगते, तिथल्या तिथं माझा सगळा राग पळाला. वाटेत जुळवलेली वाक्यं वाया गेली.

कर्नल चुलींच्या कडेकडेनं फिरून आले. झाकणं उचलून पाहिली. एका पातेल्यापाशी थांबले. "हे काय? सांबार?"

"व्हय. पलटनीत समदीकडची पोरं असत्यात न्हवं," आप्पा म्हणाले. "दोन-चार कानडी असतीलच की."

"कागदावरच्या पलटणीत?"

"कागदावरची असली म्हनून काय झालं."

कर्नल हसले. हिवाळाभरात मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. डोळे पुसायची वेळ आली त्यांच्यावर. माझी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "लेकीनं सांगितलं हुतं, लय कडक सायब हायती म्हनून." मी तिच्याकडं रागानं पाहिलं. तिनं तिकडं लक्षच दिलं नाही.

हसून झाल्यावर मात्र कर्नलांनी सभोवार एक नजर टाकली आणि त्यांचा चेहरा बदलला. "बिराप्पा, हे खाणार कोण?"

 चटणीवाल्या म्हाताऱ्यांनी भांडण अर्ध्यावर सोडलं.

"निवदाचं कसं," आप्पा हळूच म्हणाले, "देवाला दावून झाला की गाव खातंय." आणि मग त्यांनी गावाकडं बघितलं. निम्म्या घरांना कुलुपं. मेंढरं खाली गेलेली, पोरं पुण्याला गेलेली. राहिलेल्या सगळ्यांनी पोट फुटेस्तोवर खाल्लं असतं तरी एक पातेलं रिकामं झालं नसतं. जमतंय का ते बघायच्या नादात, जमल्यावर काय करायचं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. जुनी सवय. जत्रेला गाव भरतं, तेव्हा कधी प्रश्न पडला नाही.

"इचार न्हाई केला," आप्पा म्हणाले.

आईचे हात थांबले. तिनं भाकरींच्या चळतींकडं पाहिलं. आमच्या घरात भाकरीचा तुकडा खाली पडला तर उचलून कपाळाला लावतात.

कर्नल मला बाजूला घेऊन गेले. ते कठोरपणे बोलले नाहीत, तेच मला जास्त जड गेलं. "मॅडम, मला जे दिसलं ते लिहावं लागेल. अशी जिद्द मी कुठं पाहिली नाही. पण फौजेत शिधा वाया घालवणं हा गुन्हा आहे. वरचे विचारतील, इतका उत्साह असलेल्या गावाच्या हाती गोदामाची किल्ली कशी द्यायची? मी काय सांगू?"

गोदाम चाललं होतं. मला ते डोळ्यांसमोर चाललेलं दिसत होतं, कुंडलच्या वाटेनं. मला आप्पांचा राग आला नाही, मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की माझं डोकं फार वेगानं चालतं. सकाळी ऑफिसला येताना मी काय पाहिलं होतं ते एकदम आठवलं.

"सर," मी म्हणाले, "सांगलीत फौजेची भरती आहे ना उद्यापासून? मैदानाबाहेर पोरं बसलीत. सकाळी बघितली मी, फुटपाथवर, पाठीवरच्या पिशव्या उशाला घेऊन."

कर्नलांनी वळून भाकरींच्या चळतींकडं पाहिलं.

"शेकड्यांनी आहेत. उद्या पहाटे पळायचंय त्यांना. काय खाऊन पळणार आहेत?"

 कर्नल बोलले तेव्हा त्यांची ऑफिसातली भाषा कुठं तरी राहून गेली होती. "केळी खाऊन," ते म्हणाले. "मी भरतीला गेलतो तवा दोन दिस केळ्यांवर काढलं. कोल्हापुरात, एका दुकानाच्या पायरीवर. घरनं आईनं भाकरी बांधून दिलती ती पयल्याच दिशी संपली." त्यांनी घसा साफ केला. "गाड्या किती हायती गावात?"

त्यानंतर बोरखिंडीत जे झालं ते मी आमच्या कुठल्याही आराखड्यात लिहू शकले नसते. बेदाण्याचे पिकअप आले. मेंढरं वाहायचा टेम्पो धुवून, वाळवून, आत ताडपत्री टाकून आला, तरी वास यायचा तो आलाच. कर्नल ओट्यावर उभे राहिले आणि कुठली गाडी आधी भरायची, जड खाली, हलकं वर, पिठलं ज्या गाडीत त्यात चटणी नको, असं सांगायला लागले. लोकांनी ऐकलं आणि त्यातलं पटलं तेवढं केलं. पातेली हलू नयेत म्हणून खाली उसाच्या पाचटाची चुंबळ पाहिजे होती, ऊस आमच्याकडं कुठला, मग आप्पांनी आपलं घोंगडं काढून दिलं. त्यांचं बघून आणखी घोंगडी निघाली, आणि आठशे माणसांचं जेवण लोकरीत गुंडाळून निघालं. ते सांगलीला पोचलं तेव्हा वाफाळत होतं. जवानांची थंडी अडवायला घोंगडी घ्यावीत की नाही, यावरून आम्ही दोघं हिवाळाभर भांडलो होतो. कर्नलांनी त्या वाफेकडं पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं. 

एक गोष्ट मात्र आमच्या गावाला देता येण्यासारखी नव्हती. पाणी. जीपमधून कर्नलांनी कुंडलला फोन लावला. "हंबीरराव, तुमचा कागद एकदम उत्तम आहे. आता तो बाजूला ठेवा आणि पाण्याचे टँकर घेऊन सांगलीला या. पलटण जेवायला बसतीय."

"कंची पलटन?" पलीकडून आवाज आला.

"या तर खरं."

आम्ही मैदानाशी पोचलो तेव्हा अजून चांगलं ऊन होतं. पोरं भिंतीच्या कडेनं बसली होती, जतची, आटपाडीची, शिराळ्याची, पाटणची, काही सीमेपलीकडची. कुणी बिस्किटाचा पुडा फोडलेला, कुणी नुसतंच बसलेलं. टेम्पोतून बायका उतरल्या, पातेली उतरली, आणि पिठल्याचा वास सुटला. पोरं उठून उभी राहिली, पण पुढं कुणी येईना. हे आपल्यासाठी असेल असं त्यांना वाटलंच नाही.

"कुनाचं लगीन हाय का मावशी?" एकानं आईला विचारलं.

"लगीन न्हवं. पलटनीचं जेवान हाय."

"कुठल्या पलटनीचं?"

 आईनं कर्नलांकडं पाहिलं. कर्नल पुढं झाले. त्यांचा गणवेश बघून पोरं आपोआप ताठ झाली.

"तुमच्याच," कर्नल म्हणाले. "रांग धरा."

रांग कर्नलांनी लावली, आणि ती मोडली माझ्या आईनं. त्यांचा हिशेब साधा होता, हातावर दोन भाकरी, वर पिठलं, पुढं सरका. ताटं नव्हतीच, भाकरी हेच ताट. पण आई कुणालाच पुढं सरकू देईना. "एवढंच? आरं, आनि घे. तुजी आई काय म्हनंल मला?" तिच्या पलीकडची बाई तेच म्हणायची, तिच्या पलीकडची पण तेच. रांग जागच्या जागी उभी. कर्नल आईपाशी आले. "मावशी, ह्यांना पहाटे पळायचंय. पोटं जड करू नका."

"पळतील की," आई म्हणाली. "रिकाम्या पोटी का कोन पळतंय?" आणि पुढच्या पोराच्या हातावर तिसरी भाकरी ठेवली.

कर्नल माझ्याकडं आले. "मॅडम, आपल्या आराखड्यात हे धरलेलं नाही."

"काय?"

"आग्रह. एका माणसामागं किती वेळ जातो याच्यात, बघा तुम्ही. अख्खी पलटण खोळंबेल."

"मग वाढप्यांच्या रांगा दुप्पट करा, सर," मी म्हणाले. "आग्रह कमी होणार नाही."

त्यांनी रांगा दुप्पट केल्या. तेवढ्यात टँकर आले. पुढच्या टँकरच्या केबिनमधून हंबीरराव उतरले, सत्तरी ओलांडलेले, डोक्यावर फौजेतली जुनी टोपी. येताना त्यांनी गुळाच्या ढेपा पण आणल्या होत्या, कारण नुसतं पाणी घेऊन जायला त्यांना बरं वाटेना. त्यांनी एकदा सगळीकडं पाहिलं, बाह्या सारल्या आणि आप्पांच्या शेजारी उभे राहून गूळ फोडायला लागले. पूर्वेची भाकरी आणि पश्चिमेचं पाणी एका ओळीत पाहून मला इतका आनंद झाला, की मी उगीचच दोन वेळा सांबार वाढायला गेले. सांबार कानडी पोरांनी खाल्लंच, पण पाटणच्या पोरांनी जास्त खाल्लं.

जेवून झाल्यावर पोरांनी न सांगता पातेली घासून दिली. एकानं आप्पांचं घोंगडं झटकून, नीट घडी घालून त्यांच्या हातात दिलं. आप्पांनी ते परत त्याच्याच खांद्यावर टाकलं. "न्हे," ते म्हणाले. "रातीला थंडी पडतीया." मग बाकीच्यांनीही आपापली घोंगडी वाटून टाकली, आणि येताना लोकर घेऊन आलेलं गाव परत जाताना नुसत्या सदऱ्यावर उरलं.

ऊन उतरलं. पातेली रिकामी, धोतरं रिकामी. काहीच वाया गेलं नव्हतं. आई शेवटच्या चादरीची घडी करत होती, तेव्हा तिला आठवण झाली. "सायब जेवलं का?"

कर्नल जेवले नव्हते. "आमच्यात अधिकारी शेवटी जेवतो, मावशी."

"आमच्यातबी वाढनारा शेवटीच जेवतोय," आई म्हणाली आणि चादरीच्या घडीत हात घालून बघितलं. एकच भाकरी निघाली, ती पण एका बाजूनं करपलेली. तिला फार अवघडल्यासारखं झालं. "ह्येवडीच राहिली बघा."

कर्नलांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि टेम्पोच्या फळीवर टेकले. मग मधून मोडली. एक अर्धी माझ्यापुढं धरली. मी बघितलं, ती मोठी होती आणि करपलेली बाजू त्यांनी स्वतःकडं ठेवली होती. हंबीररावांनी आम्हा दोघांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या माणसानं तो मुकाट्यानं खाल्ला.

 समोर पोरं घोंगडी पांघरून बसली होती, उद्याच्या पळण्याचं बोलत होती, हसत होती. त्यातली किती निवडली जातील, किती परत जातील, कुणाला ठाऊक. पण मला मनापासून वाटलं, की ह्यांच्यावर लढाईची वेळ कधीही येऊ नये, आणि आलीच तर ही पोरं उपाशी जाऊ नयेत. हिवाळाभर आम्ही दोघं टेबलाशी बसून जे करत होतो ते एवढंच होतं. इतकं सोपं होतं, हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं.

कर्नलांनी भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि हात झटकले. "साताऱ्याला गोदामाचं ठरवायची बैठक आहे, तिथं मी सांगीन, शिधा कणभर वाया गेला नाही," ते म्हणाले. "कुंडलला पाण्याचा आणि गाड्यांचा तळ. हंबीरराव सांभाळतील." मग ते माझ्या आईकडं वळले. "मावशी, बोरखिंडीच्या गोदामाचं दार कुठल्या बाजूला ठेवायचं?"

 आप्पांनी फेटा काढला आणि परत घातला. आई मात्र जराही गोंधळली नाही, कधीपासून ठरवून ठेवल्यासारखी म्हणाली.

"रस्त्याकडं ठेवा," ती म्हणाली, "आन् रुंद ठेवा. पोरं घाईत असत्यात."